बंदूक खांद्यावर, निर्णय कोणाचा? खासगी सुरक्षा संस्थांच्या नियंत्रक प्राधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नियंत्रक प्राधिकारी, खासगी सुरक्षा संस्था, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील बँकांचे मुख्य सुरक्षा अधिकारी आणि सुरक्षा संस्थांचे संचालक यांस

विषय: सशस्त्र सुरक्षारक्षकांना धोका ओळखण्याचे व बचावात्मक डावपेचांचे सक्तीचे प्रशिक्षण देण्याबाबत

महोदय,

मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतरची अकरा वर्षे सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत बँका, पतसंस्था आणि एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाड्या यांवरील सशस्त्र रक्षकांना शिकवण्यात घालवली. या पत्रात पगाराचा, ठेक्याचा किंवा बारा तासांच्या पाळीचा प्रश्न मी मांडणार नाही. ते प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर संघटना बोलत असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या माणसाच्या खांद्यावर आपण बंदूक देतो त्याला ती कधी उचलायची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बहुतेक वेळा ती का उचलायची नाही, हे प्रत्यक्ष सरावातून शिकवण्याची सक्ती आज आपल्याकडे नाही, आणि ती आणण्यात आपल्या कार्यालयाच्या शब्दाला वजन आहे.

एक प्रसंग सांगतो. ऊसतोडीचा हंगाम होता आणि तालुक्याच्या गावी आठवडा बाजाराचा दिवस. एका बँकेच्या शाखेत मी रक्षकांची पाहणी करायला गेलो होतो. काचेच्या दारातून आत आले की डाव्या हाताला प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर पन्नाशीचा रक्षक, त्याच्या मांडीवर आडवी दुनळी बंदूक आणि समोर पासबुक छापण्याच्या यंत्रापुढे आठ-दहा माणसांची रांग. साडेअकराच्या सुमारास एक म्हातारा ऊसतोड मजूर आत आला. डोक्याला मफलर, एका हातात पासबुक, दुसऱ्या काखेत पोत्याचे गुंडाळे आणि त्या गुंडाळ्यातून वीतभर बाहेर आलेले कोयत्याचे पाते. रक्षक ताडकन उठला. बंदुकीची नळी म्हाताऱ्याच्या छातीच्या रोखाने आली आणि त्या छातीच्या मागे, अगदी त्याच रेषेत, लेकरू कडेवर घेतलेली एक बाई रांगेत उभी होती. दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या. मी तीन पावलांवर होतो, पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत चहाचा ट्रे घेऊन आलेला शाखेचा शिपाई सहज म्हणाला, “आबा, कोयता तेवढा भायेर ठेवा की, हितं कुठं ऊस तोडायचा हाय?” म्हातारा ओशाळला, त्याने ते पोते रक्षकाच्याच खुर्चीखाली सरकवले आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी रक्षकाने मला बाजूला घेऊन विचारले, “साहेब, माझं चुकलं का?” चुकले होते, यात शंका नाही. पण त्या शिपायाला क्षणात जे दिसले ते रक्षकाला दिसले नाही, याचे कारण त्याच्या अकलेत नाही. शिपायाने माणूस पाहिला. रक्षकाने पाते पाहिले, कारण पाते पाहायचे एवढेच त्याला कोणीतरी कधीतरी सांगितले होते.

धोका आहे की नाही हे ठरवताना तीन गोष्टी पाहायच्या असतात. समोरच्याकडे इजा करण्याचे साधन आहे का. ते साधन चालवता येईल इतक्या जवळ तो आहे का. आणि ते चालवण्याचा त्याचा इरादा दिसतो आहे का. त्या म्हाताऱ्याकडे साधन होते, तो जवळही होता, पण इरादा नव्हता. इरादा कपाळावर लिहिलेला नसतो हे मला मान्य आहे, तरी तो हातांत, नजरेत आणि पायांत दिसतो. बँकेत कामासाठी आलेला माणूस काउंटरकडे, टोकन क्रमांकाकडे किंवा स्वतःच्या पासबुकाकडे पाहतो. वाईट हेतूने आलेला आधी रक्षकाकडे, मग कॅमेऱ्याकडे, मग दाराकडे पाहतो. दोघे मिळून आत येतात आणि ओळख नसल्यासारखे दोन कोपऱ्यांत उभे राहतात. आत आल्यावरही हेल्मेट निघत नाही. बाहेर मोटारसायकल चालू ठेवून तिसरा बसलेला असतो. उकाड्याच्या दिवसांत अंगात जाड जॅकेट असते आणि एक हात सतत कमरेपाशी जातो. यातले एखादे लक्षण साध्या माणसातही सापडते. तीन-चार एकत्र दिसली, तर रक्षकाने खुर्ची सोडून भिंतीला पाठ लावावी, व्यवस्थापकाला ठरलेली खूण करावी आणि शक्य असेल तर दार आतून लावून घ्यावे. बंदूक उचलण्याची वेळ अजून आलेली नसते. हे सगळे शिकवता येते, मी शिकवले आहे आणि फारसे शाळा न शिकलेले रक्षकही ते चार दिवसांत उत्तम उचलतात, कारण गावाकडचा माणूस माणसे वाचण्यात मुळातच तरबेज असतो.

मग ही अडचण येते कुठून? खासगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, 2005 आणि त्याखालील केंद्राचे आदर्श नियम यांनुसार नव्या रक्षकाला किमान वीस कामाच्या दिवसांत 160 तासांचे प्रशिक्षण द्यायचे असते. त्यातले 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष जागेवर. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी ते 56 तासांवर येते. अभ्यासक्रमात गणवेश, आगविझवणी, गर्दीचे नियंत्रण, प्रथमोपचार, ओळखपत्रांची तपासणी, स्फोटके ओळखणे, खासगी बचावाच्या हक्काची तोंडओळख असे पुष्कळ काही आहे. शस्त्र हाताळणीपुढे मात्र एक शब्द कंसात बसला आहे: ‘ऐच्छिक’. निःशस्त्र रक्षकासाठी ते ठीकच आहे. परंतु जो बंदूक घेऊनच नोकरीला लागणार आहे त्याच्यासाठी वेगळा, वाढीव आणि सक्तीचा भाग असायला हवा होता, आणि तो नाही. माजी सैनिकांना दिलेली सवलतही मला, स्वतः माजी सैनिक असून, खटकते. लष्करात आम्हाला समोर शत्रू आहे हे गृहीत धरून शिकवले गेले. बँकेच्या दारात समोर ग्राहक आहे हे गृहीत धरावे लागते, आणि ती लष्करी सवय मोडायला छप्पन्न तास पुरत नाहीत.

2016 च्या शस्त्र नियमांनी नव्या परवान्यासाठी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणले, हे चांगले झाले. परंतु त्याचा रोख बंदूक चुकून सुटू नये यावर आहे. जाणूनबुजून झाडायची की नाही, हा प्रश्न त्याच्या कक्षेत फारसा येत नाही. शिवाय माझ्या वर्गात येणाऱ्या बहुतेकांचे परवाने त्याआधीचे आहेत. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, म्हणजे आता पाच वर्षे त्या माणसाला त्याचे शस्त्र आणि त्याचा हात दाखवा असे कोणी म्हणणार नाही.

आता त्या बंदुकीकडेच जवळून पाहू. ‘गनमॅन पाहिजे, स्वतःची बंदूक व परवाना आवश्यक’ अशा जाहिराती आपणही पाहिल्या असतील. शस्त्र संस्थेचे नसते, रक्षकाचे स्वतःचे असते. पुष्कळदा ते बारा बोअरचे, वडिलांकडून आलेले, परवान्यावर कारण म्हणून स्वसंरक्षण किंवा पीकसंरक्षण लिहिलेले. कमरेच्या पट्ट्यातली काडतुसे बहुधा खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ असतात, पण ती कोणत्या साली घेतली हे विचारले की रक्षक हसतो. कोकणातून किंवा महाबळेश्वरच्या बाजूने आलेल्या रक्षकांची काडतुसे मी हातात घेऊन पाहिली आहेत: पितळेवर हिरवट डाग, कवच दमटपणाने फुगलेले, नळीत अर्ध्यावर अडकणारे. पुष्कळ जुन्या बंदुकींच्या कोठीची, म्हणजे काडतूस बसते त्या जागेची, लांबी 65 मिलिमीटर असते आणि दुकानातून 70 मिलिमीटरचे काडतूस आणले जाते. ते आत बसते, म्हणून ते चालते असा समज होतो, पण झाडताना दाब वाढतो आणि धोका खुद्द रक्षकालाच असतो. ही गोष्ट माझ्या वर्गातल्या जवळजवळ कोणालाही आधी माहीत नसते.

सराव का होत नाही, याचे उत्तर सरळ आहे. काडतूस रक्षकाच्या खिशातून येते. महिन्याच्या पगारात घरभाडे, मुलांची फी आणि गावाकडचे म्हातारे आईवडील भागवणारा माणूस मैदानावर दहा काडतुसे फोडणार नाही, आणि त्याने फोडावीत अशी अपेक्षा करणे निलाजरेपणाचे आहे. संस्था म्हणते शस्त्र त्याचे, बँक म्हणते रक्षक संस्थेचा, आणि परवाना देणारे कार्यालय म्हणते आम्ही कागद पाहिला. अशा रीतीने परवाना मिळाल्यापासून एकही गोळी न झाडलेले रक्षक मी पाहिले आहेत. गोळी न झाडणे हे भूषण खरे, पण तो निर्णय असेल तर. सवय नसल्यामुळे असेल तर तो अपघाताची वाट पाहणे आहे.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी एक प्रयोग करतो. रक्षकाला रिकामी बंदूक पट्ट्याने खांद्याला लावून उभे करतो आणि एकवीस फुटांवर एका तरुण पोराला गुंडाळलेले वर्तमानपत्र देऊन उभे करतो. मी हात खाली केला की पोराने धावायचे आणि रक्षकाने बंदूक खांद्यावरून काढून, सेफ्टी सरकवून, रोखायची. हे अंतर अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्ये मांडले. सुरा घेतलेला माणूस एकवीस फूट साधारण दीड सेकंदात कापतो, असे त्यांच्या चाचणीत दिसले होते. ते कमरेच्या पिस्तुलाबद्दल बोलत होते. आमची दुनळी तर खांद्यावरून खाली येईपर्यंतच वर्तमानपत्र रक्षकाच्या बरगडीत टेकलेले असते. माझ्या मैदानावर पहिल्या फेरीत पोराला वेळेत रोखू शकलेला रक्षक मला आठवत नाही. काही प्रशिक्षक या प्रयोगातून ‘एकवीस फुटांच्या आत कोणी आला की झाडा’ असा अर्थ काढतात. तो अर्थ धोकादायक आहे आणि बँकेच्या दारात तर वेडगळ आहे, कारण तिथे प्रत्येकच माणूस एकवीस फुटांच्या आत असतो. मी दुसऱ्या फेरीत रक्षकाला फक्त एक टेबल देतो. तो टेबलाच्या मागे उभा राहतो, पोराला वळसा घ्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात रक्षक दोन पावले मागे सरून मोठ्याने ‘थांब, हात दाखव’ म्हणू शकतो. बंदूक तीच, माणूस तोच, बदलले ते फक्त मध्ये आलेले टेबल. बचावात्मक डावपेच म्हणजे मारामारीचे हात नव्हेत; अंतर राखणे, मध्ये काहीतरी ठेवणे, आवाज वापरणे आणि स्वतःसाठी दोन सेकंद मिळवणे, एवढाच त्यांचा गाभा आहे.

त्यातही शस्त्रधारी माणसाने झोंबाझोंबी करायची नसते, ही गोष्ट कोणी सांगत नाही. एटीएमच्या दारात दारुडा गोंधळ घालतो, बँक रक्षकालाच त्याला बाहेर काढायला सांगते, आणि रक्षक एका हाताने त्याची कॉलर आणि दुसऱ्या हाताने स्वतःची बंदूक धरतो. त्या क्षणी खोलीतला सर्वांत मोठा धोका ती बंदूक असते, कारण ती कोणाच्याही हाती जाऊ शकते. दारुड्याशी निःशस्त्र सहकाऱ्याने बोलावे, सशस्त्र रक्षकाने चार पावले दूर, नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर आणि शस्त्राची बाजू भिंतीकडे करून उभे राहावे. पण जिथे खर्च वाचवण्यासाठी एकच माणूस नेमला आहे तिथे तो सहकारी आणणार कुठून? आमच्या रक्षकाजवळ शब्द आहे आणि गोळी आहे. मधल्या पायऱ्या, म्हणजे काठी, मिरचीचा फवारा, आतून लागणारे दार, पायाने दाबायचा धोक्याचा गजर, या त्याला मिळतच नाहीत, आणि जिन्याला पायऱ्याच नसतील तिथे माणूस उडीच मारतो.

रोकड गाड्यांचा विषय वेगळा आहे, कारण तिथे धोका खरा आणि रोजचा आहे. केंद्राने 2018 मध्ये केलेल्या रोकड वाहतुकीच्या नियमांत प्रत्येक गाडीवर चालकाशिवाय दोन सशस्त्र रक्षक असावेत, एक पुढे चालकाशेजारी आणि एक मागे. एका फेरीत पाच कोटींपेक्षा अधिक रक्कम नसावी. शहरात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर एटीएममध्ये रोकड भरू नये. आणि भरणा, चहा, जेवण, काहीही चालू असो, एक सशस्त्र रक्षक गाडीपाशीच असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. नियम चांगले आहेत. तरीही 16 जानेवारी 2025 रोजी आपल्या उदगीरला लागून असलेल्या बिदरमध्ये, भरदिवसा, स्टेट बँकेच्या शाखेसमोर दोघे मोटारसायकलवरून आले, रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकली, गोळ्या झाडल्या, आणि एका कर्मचाऱ्याचा जीव घेऊन पेटी पळवली. नोव्हेंबर 2025 मध्ये बेंगळुरूत तर लुटारूंनी रिझर्व्ह बँकेचे अधिकारी असल्याची बतावणी करून गाडी थांबवली आणि सात कोटींहून अधिक रक्कम नेली. पहिल्या घटनेत बळ वापरले गेले, दुसरीत अदब. आमचा रक्षक दोन्हींपुढे सारखाच उघडा आहे, पण दुसरीपुढे जास्त, कारण साहेबी आवाजात बोलणाऱ्यासमोर सावधान उभे राहायचे हे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. ‘ओळखपत्र काचेला लावा, मी नियंत्रण कक्षाला फोन करतो, तोवर दार उघडणार नाही’ हे वाक्य प्रत्येक रोकड गाडीवरच्या रक्षकाकडून मी पन्नास वेळा मोठ्याने म्हणवून घेतो. पहिल्या दहा वेळा त्यांना लाज वाटते.

गाडीतून उतरण्याची शिस्त ही अशीच शिकवायची गोष्ट आहे. पेटी उचलणाऱ्याकडे पाहायचे नाही, पेटीकडे तर मुळीच नाही; एकाने रस्त्याच्या एका टोकाकडे आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाकडे तोंड करायचे. मागच्या थांब्यावर दिसलेली मोटारसायकल या थांब्यावरही दिसली तर ती नोंदवायची आणि पुढचा थांबा बदलायचा. गोळीबार झालाच तर गाडीच्या दारामागे बसायचे नाही, कारण दाराचा पत्रा लपवतो पण वाचवत नाही. इंजिनाच्या बाजूला, चाकाच्या मागे राहायचे. आणि रोकड गेली तरी चालेल, हे रक्षकाला संस्थेने लेखी द्यायचे. पैशाचा विमा असतो. हे शेवटचे वाक्य मी संचालकांसमोर उच्चारले की खोलीत थोडा वेळ कोणी बोलत नाही.

कायद्याबद्दलही रक्षकांच्या मनात दोन टोकांचे गैरसमज आहेत. काहींना वाटते परवाना आहे म्हणजे चोरावर गोळी झाडता येते. इतरांना वाटते काहीही झाले तरी आपणच तुरुंगात जाणार, म्हणून ते बंदूक रिकामीच ठेवतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. कलम 37 सांगते की, बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंतचा हक्क कलम 41 मध्ये मोजक्याच प्रसंगी दिला आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, आगीने किंवा स्फोटकाने केलेली नासधूस, अथवा अशी चोरी जिच्यात मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती आहे. साध्या चोरीला तो नाही. आणि जबरी चोरीतही तत्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अडवून ठेवण्याची भीती असेपर्यंतच तो टिकतो. लुटारू पाठ फिरवून पेटी घेऊन पळत सुटला, त्याने मागे वळून शस्त्र रोखलेले नाही, तर त्याच्या पाठीत झाडलेली गोळी न्यायालयात बचाव म्हणून टिकणे फार अवघड आहे. दुसऱ्या बाजूला, खऱ्या हल्ल्यात रक्षकाने तराजू घेऊन बसावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. 2010 मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जिवावर आलेल्या माणसाच्या कृतीचे अगदी गुंजागुंजाने मोजमाप करू नये, अशा अर्थाची भूमिका घेतली. या दोन वाक्यांच्या मध्ये आमच्या रक्षकाला दीड सेकंदात उभे राहायचे असते. त्याला कायद्याची कलमे पाठ नकोत. पंचवीस-तीस प्रसंग वठवून दाखवावेत, प्रत्येकात त्याने निर्णय घ्यावा आणि मग त्यावर चर्चा व्हावी.

बारा बोअरच्या बाबतीत तर एक जास्तीचा प्रश्न आहे. दहा फुटांवर छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात. तेच रस्त्यापलीकडे पोहोचेतो हातभर पसरतात. बाजारपेठेतल्या शाखेच्या दारातून समोरच्या फुटपाथकडे झाडलेल्या गोळीत पाणीपुरीवाल्याचाही वाटा असतो. म्हणून मी कोणत्याही जागेची पाहणी करताना आधी गोळी न झाडण्याच्या दिशा ठरवतो. रक्षक नेहमी जिथे उभा असतो तिथून चारही बाजूंना पाहायचे आणि प्रत्येक बाजूला, चुकलेली गोळी कुठे जाईल, असे विचारायचे. ज्या शाखेत कोयत्याचा प्रसंग घडला तिथे चारपैकी तीन दिशा बाद झाल्या: एकीकडे रांग, एकीकडे काउंटर, एकीकडे काच आणि काचेबाहेर भाजीवाल्या. चौथ्या दिशेला तिजोरीची भिंत होती, जिकडून कोणी येणारच नव्हते. अशा जागी बंदूक ठेवून आपण नेमके काय मिळवतो? माझे स्पष्ट मत आहे की, राज्यातील अनेक लहान शाखांतून बंदूक काढून घ्यावी आणि त्या पैशात चांगले दार, गजर व दोन निःशस्त्र पण तरतरीत माणसे ठेवावीत. हे मत रक्षकांच्या संघटनांना आवडणार नाही, कारण बंदुकीचा भत्ता जातो. बँकांनाही आवडणार नाही, कारण बंदूक दारात दिसली की ग्राहकाला बरे वाटते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांच्या हातात फक्त ध्वनिक्षेपक होता. त्यांनी आपल्या खोलीतून हल्लेखोर कोणत्या बाजूला आहेत ते पाहिले आणि प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचे ते सांगत राहिले. पाहणे आणि सांगणे याने किती जीव वाचू शकतात, हे मी रक्षकांना त्या उदाहरणावरून समजावतो.

गोळी झाडल्यानंतर काय करायचे, हाही धडा कुठे नाही. बंदूक रिकामी करून खाली ठेवायची, 112 वर फोन करायचा, जखमी लुटारू असला तरी त्याचे रक्त थांबवायचे, रिकामी काडतुसे उचलायची नाहीत आणि जागा मोकळी ठेवायची. एखाद्याला पकडले असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे विनाविलंब, आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायचे. यानंतर रक्षकाची बंदूक मुद्देमाल म्हणून जमा होते. बंदूक त्याचीच असल्यामुळे ती जमा झाली की त्याची नोकरीही गेली. माझ्याकडे शिकलेल्या एका रक्षकाने अगदी नियमात बसेल असा हवेतला बार काढला. पोलिसांनी त्याची तक्रार केली नाही, उलट त्याला चहा पाजला, पण बंदूक परत मिळेपर्यंत तो दीड वर्ष द्राक्षबागेत मजुरीला जात होता. संस्थेने दुसऱ्या दिवशीच त्याच्या जागी दुसरा बंदूकवाला नेमला होता. (आणि हवेत झाडलेली गोळीही कुठेतरी खाली येते, हे मी त्याला नंतर सांगितले.) निवडणूक आली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याची लगबग सुरू होते, तेव्हाही सूट मिळवण्याचे अर्ज घेऊन रक्षकच हेलपाटे घालतो.

शेवटी धोक्याची एक दिशा अशी आहे जिकडे आपण पाहतच नाही, ती म्हणजे बंदूक धरणारा माणूस. 31 जुलै 2023 रोजी जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाचे एक अधिकारी आणि तीन प्रवासी गोळीबारात मारले गेले, आणि आरोपी म्हणून अटक झाली ती त्याच दलाच्या शिपायाला. न्यायालय त्याचा निवाडा करील. पण तो दलातला, नियमित देखरेखीखालचा माणूस होता. खासगी रक्षकावर कोणाची देखरेख आहे? सलग दोन पाळ्या केलेल्या, तीन दिवस तापाने फणफणलेल्या, घरी भावकीचे भांडण चालू असलेल्या रक्षकाला ‘आज बंदूक घेऊ नकोस, आज फाटकावर बस’ असे म्हणणारा पर्यवेक्षक हवा, आणि तसे म्हटल्याने रक्षकाचा दिवसाचा पगार कापला जाणार नाही, ही हमी हवी. नाही तर कोणीच आजारी असल्याचे सांगणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. सशस्त्र नेमणुकीसाठी 160 तासांच्या वर किमान पाच दिवसांचा वेगळा भाग राज्याने सक्तीचा करावा, त्यातून माजी सैनिकांनाही सूट नसावी आणि त्याचा निम्म्याहून अधिक वेळ वठवलेल्या प्रसंगांवर जावा. दरवर्षी एकदा प्रत्येक सशस्त्र रक्षकाची चाचणी व्हावी आणि त्या चाचणीची काडतुसे संस्थेने द्यावीत; संस्थेच्या परवान्याच्या नूतनीकरणावेळी त्या चाचण्यांची नोंदवही तपासली जावी. बंदूक ठेवण्यापूर्वी त्या जागेची लेखी पाहणी व्हावी आणि तिच्यावर बँकेच्या सुरक्षा अधिकाऱ्याची सही असावी, म्हणजे जबाबदारी तिघांत फिरत राहणार नाही. ज्या प्रसंगात बंदूक उचलली गेली पण झाडली गेली नाही, त्याचीही नोंद आपल्या कार्यालयाकडे यावी, आणि ती शिक्षेसाठी वापरली जाणार नाही असे आधीच जाहीर करावे. कोयत्याच्या त्या प्रसंगाची नोंद आज राज्यात कुठेही नाही. ती फक्त माझ्या वहीत आहे.

या अभ्यासक्रमाचा आराखडा, वठवायच्या प्रसंगांची यादी आणि जागेच्या पाहणीचा नमुना अर्ज मी तयार केला असून आपण बोलवाल तेव्हा घेऊन येईन. आपल्या अधिकाऱ्यांनी एक दिवस मैदानावर यावे, स्वतः खांद्याला बंदूक लावून एकवीस फुटांवरच्या पोरासमोर उभे राहून पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. वर्तमानपत्राने बरगडीला फारसे लागत नाही. शक्य झाल्यास निदान पश्चिम महाराष्ट्रातील शाखांपुरता पहिला वर्ग यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी घ्यावा, कारण एकदा तोडणी सुरू झाली की बाजाराच्या दिवशी प्रत्येक शाखेत चार-दोन कोयते येणारच आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार व सुरक्षा प्रशिक्षक
सातारा